शिकलगार साहेब आणि दुधाचे व्हॉल्व्ह

शिकलगार साहेबांचा आवाज आधी यायचा, साहेब मागून. सकाळी फाटकावर त्यांनी वॉचमनला "काय म्हणतोय गुडघा?" असं विचारलं, की ते वरच्या मजल्यावर मला ऐकू यायचं आणि मी चहा सांगायची. जिना चढून येईपर्यंत त्यांनी आणखी कुणाकुणाच्या म्हशींची, सुनांची आणि दहावीतल्या पोरांची चौकशी केलेली असायची. खुर्चीत टेकले की पहिला प्रश्न मला, "हां ताई, आज कोण कुठं चाललंय?"

कोण म्हणजे माणसं नव्हेत, व्हॉल्व्ह. आमचा कारखाना कागलच्या औद्योगिक वसाहतीत. साखर कारखान्यांना, दूध डेअऱ्यांना, औषधांच्या कंपन्यांना लागणारे व्हॉल्व्ह आम्ही करायचो. पाइपातून जाणारं पाणी, वाफ किंवा वायू हवा तेव्हा सोडायचा आणि हवा तेव्हा अडवायचा, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. दस्तगीर शिकलगार निर्यात विभागाचे प्रमुख आणि मी त्या विभागाचा पत्रव्यवहार बघणारी. हातकणंगल्याहून रोज दोन बस बदलून यायची आणि दिवसभर त्यांच्या समोरच्या टेबलाला बसायची. ऐकू कमी यायला लागलं असेल तर त्याचं कारण तेच.

कारण फोनवर ते ओरडत. देश जेवढा लांब तेवढा आवाज मोठा. श्रीलंकेशी बोलताना नुसतं ऑफिस थांबायचं. ब्राझीलशी बोलायला लागले की खाली मशीनशॉपमधली माणसं वर बघायची. इंग्रजी त्यांचं उत्तम होतं. पॉलिटेक्निक करून पुढं नोकरीत असताना इंजिनिअरची पदवी घेतलेला माणूस. पण त्या इंग्रजीला कोल्हापूरचा 'की' चिकटलेला. "यू टेल मी की! व्हाय यू आर नॉट टेलिंग की!" ब्राझीलचा खरेदीदार पुढं पुढं ईमेलच्या शेवटी 'ओके की' असं लिहायला लागला. त्याला वाटलं असणार, हा आदराचा शब्द आहे.

बुटांच्या नाड्या त्यांनी कधी बांधल्या नाहीत. सेफ्टीवाल्यानं नोटीस लावली, दंडाची धमकी दिली. साहेब म्हणाले, "नाडी बांधाय वाकलो की पोट आडवं येतंय. पोटाला नोटीस द्या."

आमच्या टेबलांमागं एक भिंत होती, तिच्यावर फोटो. त्यांच्या मुलीबाळींचे नव्हेत, आमच्या व्हॉल्व्हचे. केनियातल्या साखर कारखान्यात बसवलेला व्हॉल्व्ह, व्हिएतनाममधल्या कुठल्याशा औषध कंपनीतला, बांगलादेशातल्या डेअरीतला. माल पोचला की साहेब गिऱ्हाइकाच्या मागं लागत, बसवल्यावर फोटो पाठवा म्हणून. सुरुवातीला मला तो चाळा वाटला. एकदा मी विचारलंही, "साहेब, पैसे आलेत, माल लागलाय. आता फोटो कशाला?"

"लेक दिल्यावर एकदा सासर बघून यावं, का नको?" ते म्हणाले. "आपण केलेली वस्तू हाय. ती कुठं नांदती हे ठावं नको?"

हे त्यांच्या घराण्यातच होतं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात तलवारींना पाणी द्यायचे आणि संस्थानं गेल्यावर गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना. त्या आजोबांची एक रीत साहेब कौतुकानं सांगायचे. दारू पिऊन आलेल्या माणसाच्या सुरीला आजा धार लावत नसे. भांडत नसे, शिव्या देत नसे. "मान डोलवायचा आणि म्हणायचा, 'उद्या या पावणं.' बस्स. उद्या आला आणि शुद्धीत असला तर फुकट लावून द्यायचा." 

साहेबांना अण्वस्त्रांच्या विषयाचा नाद लागला त्याचीही एक गोष्ट होती आणि ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकावी लागे. पोखरणला स्फोट झाले तेव्हा साहेब तिशीतले. बऱ्याच देशांनी भारताला कसलीकसली यंत्रं द्यायचं थांबवलं. आमच्या कारखान्यानं गळती तपासायचं एक यंत्र युरोपातून मागवलं होतं, तेही अडकलं. पुष्कळ पत्रापत्री झाली आणि शेवटी ते यंत्र आलं, पण मागोमाग त्या देशाची दोन माणसं आली, यंत्र खरंच कशासाठी वापरतात ते बघायला. त्यातली एक पिकल्या केसांची बाई होती.

"मला असला राग आलता ताई," साहेब सांगायचे. "कारखाना आमचा, पैसा आमचा, आणि ह्ये कोण झडती घेणार? बाई सगळं हिंडली. मशीनखाली वाकून बघितलं. मी म्हटलं, 'मॅडम, आम्ही उसाच्या रसाचं व्हॉल्व्ह करतो, बाँब न्हाय.' ती हसली. दुपारी आमच्यासंगट भाकरी खाल्ली, ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तरी उठली न्हाय. मग मी सरळच इचारलं, आमच्यावर संशय घेतासा काय? तर म्हणती, 'मी सगळ्यांनाच विचारते. एकालाच विचारलं तर तो अपमान. सगळ्यांना विचारलं की ती रीत.' ताई, तिथं माझा राग उतरला बघा."

त्या दिवसापासून साहेबांनी तो विषय धरला. कुठल्या देशांनी अण्वस्त्रं न पसरवण्याच्या करारावर सही केली, कुणी नाही, आपण का नाही, वस्तू विकणाऱ्या देशांनी मिळून याद्या कशा केल्या, त्यातल्या दुहेरी वापराच्या वस्तू कोणत्या, म्हणजे ज्या साबणाच्या कारखान्यालाही चालतात आणि बाँबच्याही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. डबा खाताना समोरच्याला सांगत बसायचे. समोरच्याचं लक्ष त्यांच्या डब्यातल्या खिम्याकडं.

मी एकदा वाद घातला. म्हटलं, "ज्यांच्याकडं आहेत त्यांनी ठेवायची आणि बाकीच्यांनी करायची नाहीत, हा कुठला न्याय?"

"अन्यायच हाय," ते लगेच म्हणाले. मला वाटलं होतं वाद होईल. "चक्क अन्याय हाय. खरं ताई, एक आळी पेटलीया म्हणून दुसऱ्या आळीत रॉकेल वाटत बसायचं व्हय? आधी वाटप थांबवायचं. मग पेटलेल्या आळीतल्यांना शिव्या घालायच्या. मी दोन्ही करतो."

कोल्हापुरात 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात. साहेबांच्या बोलण्यात दर वाक्याला एक 'खरं' असायचं आणि त्यामुळं ते प्रत्येक गोष्टीला दुजोरा देत देत विरोध करत.

आता आमच्या मालकांबद्दल सांगायला हवं. सुभाषराव, सगळे त्यांना दादा म्हणत. म्हशी पाळणाऱ्या घरातून आलेला माणूस, स्वतःच्या हिमतीवर कारखाना उभा केलेला. तापट, पण दिलदार. साहेब आणि ते एका वयाचे. दादा त्यांना "दस्तगीर" म्हणून हाक मारत, अरेतुरे करत. साहेब मात्र सगळ्यांसमोर "दादा, तुम्ही" असंच. दोघांचं नातं नोकरीच्या पलीकडचं होतं, ते दादांच्या मुलीच्या लग्नामुळं.

मुलीला एक फार चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, स्वतःचा कारखाना, घरची माणसं बोलायला गोड. बैठक ठरली, साखरपुड्याचं बोलणं निघालं. साहेब म्हणाले, "दादा, मी जरा बघून येतो." कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांची रजा टाकली आणि मुलाच्या गावी गेले. परत आले ते थेट दादांच्या केबिनमध्ये. कारखाना होता, पण त्याला बाहेरून कुलूप होतं. साहेबांनी समोरच्या टपरीवर चार चहा घेतले. टपरीवाल्यानं सांगितलं, बोर्ड गेल्या दिवाळीला लागला, आत अजून कुणी गेलेलं बघितलं नाही. शेड भाड्याची होती.

दादांनी स्थळ मोडलं. पुढं मुलगी एका शिक्षकाच्या घरात पडली आणि छान नांदली. त्या लग्नात वरातीपुढं सगळ्यात जास्त नाचलेला माणूस म्हणजे शिकलगार साहेब, नाड्या सुटलेल्या बुटांसकट. एकदा पडलेही.

हे सगळं मी सांगते आहे, कारण पुढं मिस्टर मार्टिन आले.

करोनानंतरचं मंदीचं वर्ष होतं. दादांनी धाडस करून मागं नवी शेड बांधली होती, यंत्रं आणली होती आणि ऑर्डरी मात्र येईनात. रात्रपाळी बंद झाली होती. कामगार एकमेकांना विचारायचे, पुढल्या महिन्यात कुणाचा नंबर. अशा वेळी माझ्या कॉम्प्युटरवर एक चौकशी आली. आखाती देशातल्या एका बंदराच्या शहरातली व्यापारी कंपनी. मागणी एवढी मोठी की नवी शेड वर्षभर भरून चालली असती. दादांनी ती ईमेल दोनदा वाचून घेतली आणि सगळ्या ऑफिसला पेढे वाटले.

साहेबांनी पेढा खाल्ला आणि ईमेल वाचायला घेतली. वाचता वाचता त्यांचं चावणं थांबलं.

"ताई, हे कशासाठी पायजेत म्हणून लिवलंय?"

"दूध डेअरीसाठी."

"डेअरी?" ते म्हणाले. "निकेलचा धातू, आतनं भात्यासारख्या घडीच्या नळीनं बंद केलेलं, केसाएवढा वायू बाहेर येता कामा नये म्हणून हेलियमनं तपासलेलं. ह्ये दूध हाय का भूत हाय?"

मला त्यातलं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी समजावलं. असे व्हॉल्व्ह फार थोड्या ठिकाणी लागतात. काही रसायनांच्या कारखान्यांत लागतात. आणि युरेनियमचा वायू यंत्रांतून फिरवून त्याला बाँबलायक करतात, तिथं लागतात. कारण तो वायू साध्या धातूला खाऊन टाकतो. म्हणून हे व्हॉल्व्ह सरकारच्या यादीत आहेत. दिल्लीच्या परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाहीत.

"कदाचित त्यांना जास्त चांगली डेअरी करायची असेल," मी म्हटलं.

"असंल की," साहेब म्हणाले. "इचारू या."

आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. डेअरी कुठं आहे, नकाशा पाठवा, व्हॉल्व्ह बसवल्यावर फोटो पाठवाल का. उत्तरं येत ती गोड आणि पोकळ. शेवटी प्रश्नांना कंटाळून असेल किंवा आमची खात्री पटवायला असेल, कंपनीचा माणूसच येतो म्हणाला.

मिस्टर मार्टिन उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरले. पन्नाशीचे, रुबाबदार, उत्तम सूट. कुठल्या देशाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की हसून म्हणायचे, "मी जगाचा नागरिक." कारखाना बघितला, नवी शेड बघितली, तोंड भरून कौतुक केलं. दादा खूश. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा झाला. मार्टिन तिखटानं लालबुंद झाले तरी हसत होते. माणूस लाघवी होता, मलाही आवडला.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "पावण्यांना गंगावेशीत दूध पाजू या. डेअरीवाले हायत, त्येंना बघायला पायजे."

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगते. तिथं दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि तुमच्या समोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. दादा, साहेब, मार्टिन आणि मी असे चौघं गेलो. मार्टिन म्हशीपासून दूर उभे राहिले आणि पेला रुमालानं धरला.

"तुमच्या डेअरीला दूध गाईचं का म्हशीचं?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं. लांबच्या देशाला वापरायचा आवाज होता. कट्ट्यावरची माणसं गोळा झाली.

"दोन्ही," मार्टिन म्हणाले. "उंटाचंसुद्धा."

"वा! आणि फॅट?"

"फुल फॅट," मार्टिन हसून म्हणाले.

दादांचा पेला ओठांपाशी थांबला. म्हशींच्या घरात वाढलेला माणूस. फॅट म्हणजे दुधाचा भाव, फॅट म्हणजे डेअरीचं गणित, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी स्वतःच पुढचं विचारलं, "साय वेगळी काढता का? तिचं काय करता?"

"साय?" मार्टिन म्हणाले. "ती आम्ही फेकून देतो. स्वच्छतेसाठी."

मग एक म्हातारा गवळी म्हणाला, "काय म्हणला त्यो पावणा?" कुणीतरी मराठीत सांगितलं आणि जो हशा उठला! म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. मार्टिनही हसले. त्यांना वाटलं, आपण विनोद केला.

परतताना दादा मार्टिनच्या शेजारी न बसता पुढं ड्रायव्हरशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी मार्टिन गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांची ईमेल आली. परवान्याच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो. कागदोपत्री 'साध्या स्टीलचे डेअरी व्हॉल्व्ह' असं लिहा. निम्मे पैसे आगाऊ पाठवतो.

मी ती ईमेल घेऊन केबिनमध्ये गेले तेव्हा साहेब तिथंच होते. दादांनी वाचली. उठून खिडकीतून नव्या शेडकडं बघितलं.

"दस्तगीर," ते म्हणाले, "सगळेच लिवत्यात रे असं. थोडंफार इकडंतिकडं."

"लिवत असतील. मी न्हाय लिवणार."

"त्याला दुधातलं कळत न्हाय, ते मी बी बघितलं. त्यो मधला दलाल हाय. फुडं कोण हाय आपल्याला काय ठावं?"

"तेच म्हणतोय मी. आपल्याला ठावं न्हाय."

"आणि ह्या खालच्या पोरांना काय सांगू? घरी बसा म्हणू?" दादांचा आवाज चढला. "तुझी सही नसंल तर दुसऱ्याची घेतो मी!"

साहेब उठले. ते ओरडतील असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. "दादा, ताईसाहेबांच्या लग्नाच्या वक्ताला बोर्ड बघून लेक दिली न्हाईसा. मग माल का बोर्ड बघून देतासा?" आणि बाहेर गेले.

ती रात्र त्यांच्या घरी कशी गेली ते मला नंतर त्यांच्या बायकोनं, शमाभाभींनी सांगितलं. जेवले नाहीत. नोकरी गेली तर धाकटीचं कॉलेज कसं करायचं, याचा हिशेब करत बसले आणि मग म्हणाले, "करू कायतरी. राजारामपुरीत क्लास काढू." शमाभाभी म्हणाल्या, "तुमच्या आवाजाला माईक लागायचा नाही, तेवढाच खर्च कमी."

सकाळी मात्र ते नेहमीसारखे वॉचमनच्या गुडघ्याची चौकशी करत आले आणि सरळ केबिनमध्ये शिरले. हातात मोबाइल. त्यांचा एक मावसभाऊ त्याच शहरात टॅक्सी चालवायचा. मार्टिनच्या कंपनीचा पत्ता साहेबांनी त्याला दिला होता आणि त्यानं व्हिडिओ पाठवला होता. दादांनी मला पण बोलावलं. मोबाइलवर एक अरुंद गल्ली, एक छोटं दुकान. आत एक शिंपी एका जाड्या माणसाच्या पोटाचं माप घेत होता. मावसभाऊ विचारतो, ती अमुक कंपनी कुठं आहे? शिंपी तोंडातली टाचणी न काढता मागच्या भिंतीवरच्या पत्रपेटीकडं बोट दाखवतो आणि म्हणतो, टपाल आलं तर ठेवून घेतो, महिन्याला कुणीतरी येऊन नेतं.

दादा बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं चिडले. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शिंप्याच्या दुकानात डेअरी!" ते म्हणाले. "दस्तगीर, अरे साय कुठं फेकत असंल रं ह्यो? काज-बटणात?"

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "लिवा ताई. जमणार न्हाय म्हणून लिवा." मग साहेबांकडं न बघता, "आणि दिल्लीला पण कळवा, काय झालं ते सगळं."

गोष्ट इथं संपली असती तर साहेब हिरो झाले असते. तसं झालं नाही. शेड रिकामीच राहिली. काहीजणांना खरंच घरी बसावं लागलं. खाली सगळ्यांना एवढंच कळलं, की मोठी ऑर्डर आली होती आणि शिकलगार साहेबांनी घालवली. डब्याच्या वेळी त्यांच्या टेबलावरची माणसं एकेक करून दुसरीकडं बसायला लागली. तानाजी नावाचा एक फिटर, ज्याच्या मुलाला साहेबांनीच शाळेत घालून दिलं होतं, तो तोंडावर म्हणाला, "तुमच्या बाँबपायी आमची चूल इझली."

साहेबांचा फोनवरचा आवाज तेवढा आणखी वाढला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते जगाला ओरडून विचारत होते, कुणाला काही हवं आहे का. ते महिने मी विसरणार नाही. खिम्याचा डबा आम्ही दोघंच खायचो आणि ते अण्वस्त्रांवर एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटी उत्तरेतल्या एका औषध कंपनीचं काम मिळालं. मार्टिनच्या ऑर्डरीच्या निम्मंही नव्हतं, पण शेडमध्ये दिवे लागले. घरी बसलेले बहुतेकजण परत आले. पहिल्यांदा बोलावणं गेलं ते तानाजीला. यादी साहेबांनी केली होती. 

त्यानंतर काही दिवसांनी दिल्लीहून दोन अधिकारी आले. दिवसभर बसले, आमच्या ईमेल बघितल्या, मार्टिनचं वर्णन लिहून घेतलं. जाताना चहा घेताना त्यातला एकजण एवढंच म्हणाला, की हाच माणूस दुसऱ्या राज्यात माशांच्या कारखान्यासाठी आणि तिसरीकडं अत्तराच्या कारखान्यासाठी हेच व्हॉल्व्ह मागत होता. एका ठिकाणाहून माल निघालाही होता. तुमचं पत्र आल्यामुळं तो बंदरात थांबवता आला.

"मग पुढं कोण होतं? कुठला देश?" दादांनी विचारलं.

अधिकारी हसले आणि म्हणाले, चहा फार छान आहे.

आम्हाला ते आजतागायत कळलेलं नाही. कदाचित कुणीतरी रसायनवाला कर चुकवत असेल. कदाचित नसेल. मी साहेबांना विचारलं, एवढं सगळं करून शेवटी झालं काय? ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "काय झालं न्हाय. ह्या धंद्यात चांगली बातमी अशीच असती ताई. पेपरात येत न्हाय."

खाली ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी तानाजी आला, साहेबांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या डब्यात आपल्या डब्यातली झुणक्याची वडी टाकली. साहेब म्हणाले, "मीठ कमी हाय." तेवढ्यानं मिटलं.

पुढं उद्योजकांच्या एका सभेत त्यांना भाषणाला बोलावलं. परवान्यांचे नियम समजावून सांगा म्हणून. नवे तरुण कारखानदार बसले होते, अर्धेअधिक मोबाइलमध्ये. एकजण उठला. "साहेब, आमच्या एका व्हॉल्व्हनं कुठं बाँब होतोय? उगाच धंद्याला अडथळा."

"न्हाय होत," साहेब म्हणाले. "एका व्हॉल्व्हनं कायबी होत न्हाय. खरं, बाँब करणारा एका दुकानात सगळं घेत न्हाय भावा. त्यो बाजारहाट करतोय. मीठ इथं, मिरची तिथं. प्रत्येक दुकानदाराला वाटतंय, मी तर नुसती कोथिंबीर दिली. जगानं करार केलं, याद्या केल्या, माणसं हिंडवली, सगळं खरं. खरं, शेवटी तुझ्या दुकानात 'न्हाय' तुलाच म्हणाय लागतंय. तिथं दिल्ली येत न्हाय आणि जगबी येत न्हाय."

सभागृहात मोबाइल खाली आले होते. माईक बंद होता, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

साहेब निवृत्त झाले तेव्हा दादांनी त्यांना आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत. धाकटी मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली होती, तिनं आईवडिलांना बोलावलं होतं. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, हार झाले, दादांनी मिठी मारली. मी मात्र त्या दिवशी तापानं घरी होते. फोनवर निरोप घेतला. त्यांच्या ओरडण्यानं ताप उतरला असं मी सगळ्यांना सांगते.

त्यांना शेवटचं बघितलं ते त्यानंतर महिन्याभरानं, पंचगंगेच्या घाटावर. रविवारची सकाळ होती आणि मी भाच्याला पोहायला घेऊन गेले होते. उन्हाळ्यात तिथं गर्दी असते. गल्लीगल्लीतली पोरं पाठीला पत्र्याचे डबे बांधून पोहायला शिकत असतात. त्या पोरांच्या रांगेत, पाठीला सगळ्यात मोठा डबा बांधून, शिकलगार साहेब उभे होते. पांढरे केस ओले, पोट पाण्याच्या थोडं वर. पायरीवर शमाभाभी टॉवेल घेऊन बसल्या होत्या. त्यांनीच मला सांगितलं, बंगळुरूला मुलीच्या बिल्डिंगमध्ये तलाव आहे आणि मोठ्या मुलीचा सहा वर्षांचा मुलगा सुट्टीत तिथं येणार आहे. त्याला पोहता येतं. आजोबांना येत नाही, हे आजोबांना सहन झालेलं नाही.

"हाक मारू का?" भाभी म्हणाल्या.

"नको," मी म्हटलं. कारण तेवढ्यात शिकवणाऱ्यानं त्यांच्या पाठीवरचा डबा सोडला होता.

साहेब क्षणभर तसेच तरंगले, मग बुडाले. पोरं ओरडली. ते वर आले, नाकातोंडातून पाणी फुरफुरत, आणि हातपाय मारायला लागले. त्याला पोहणं म्हणायचं तर धाडस हवं. पाणी उडत होतं जास्त आणि साहेब सरकत होते थोडे. पण सरकत होते. पायऱ्यांवरची अनोळखी माणसंही "व्हय, व्हय, आलं, आलं!" म्हणून ओरडायला लागली. साहेबांनी पलीकडची पायरी पकडली, वळले, आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोडा पुन्यांदा!"